ताईंची जास्तीची बारा वर्षं

आमच्या लॉन्ड्रीत वाफेच्या मोठ्या इस्त्रीला ताईंशिवाय कुणी हात लावत नाही. कोटाचा खांदा त्या असा बसवतात की आत माणूस नसला तरी कोट ऐटीत असतो. शेजारच्या टेबलावर मी डाग काढते. माझं वय त्रेचाळीस, ताईंचं अठ्ठेचाळीस. म्हणून मी त्यांना अहो-जाहो करते, पंख्याखालची खुर्ची देते. अलीकडे माझ्या अंगातून अचानक वाफा निघायला लागल्या तेव्हा सल्लाही त्यांचाच घेतला. "होतं गं या वयात. मनगटांवर गार पाणी सोड," त्या मुरलेल्या आवाजात म्हणाल्या. गुण आला.

परवा एक गिऱ्हाईक इस्त्रीच्या वाफेपाशी चक्कर येऊन पडलं, आणि धाकट्या मालकांना आमच्या तब्येतीचा पुळका आला.

"पंचेचाळिशीच्या पुढचं कुणी वाफेपाशी नको. ताई, उद्यापासून तुम्ही बटणं लावा. इस्त्री हिच्याकडे द्या, तरुण रक्त आहे."

तरुण रक्त म्हणजे मी. मी साधा हातरुमाल जाळते.

ताईंचा चेहरा पडला. बटणांच्या स्टुलावर बसलेलं माणूस आमच्याकडे परत उठत नाही. थेट निरोप समारंभ. त्यांनी चष्मा काढून अ‍ॅप्रनच्या खिशात टाकला.

"मालक, मी छत्तीस वर्षांची आहे."

मालक समजुतीने हसले. "बायका वय चोरतात, मान्य. माझ्या घरी आई आहे, बायको आहे. पण ताई, एका दमात बारा वर्षं?"

"चोरली नाहीत. तेव्हा वाढवली होती."

मग त्यांनी सांगितलं. अठराव्या वर्षी कडेवर दोन वर्षांची मुलगी घेऊन त्या काम मागत फिरत होत्या. एका दुकानात म्हणाले, आधी धाकट्या बहिणीला घरी सोडून ये. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, आईला पाठव. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बाळाची आई कुठाय? आमच्याकडे येण्याआधी त्यांनी अंबाडा घातला, बिननंबरी चष्मा घेतला आणि थोरल्या मालकांना वय सांगितलं, तीस. त्यांनी लगेच विचारलं, "बाई, कधीपासून येता?" बाई! आयुष्यात पहिल्यांदा. मग तो अंबाडा सोडवेना.

"पुरावा?" धाकटे मालक म्हणाले.

ताईंनी आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"आजी, तुमच्या मुलीचं वय काय?" मालकांनी विचारलं.

"कोण, बारकी? छत्तीस पूर्ण. का हो, काय केलंन तिने?"

"काही नाही."

"नाही कसं? अजून ओला टॉवेल पलंगावर टाकते. त्यावरून तिची पोरगी तिला ओरडते, मी दोघींना ओरडते. तुम्हीही ओरडा."

फोन बंद झाला. मालकांची बोटं आपोआप हलू लागली. ताईंची मुलगी आता विशीची, ताई छत्तीस... उत्तर आलं तसा त्यांनी हात खिशात घातला.

"सोळा," ताई म्हणाल्या. "मोजून झालं असेल तर इस्त्री तापलीय."

मालक छताकडे बघत म्हणाले, "मग इस्त्री तुमच्याकडेच. म्हणजे तुझ्याकडे. म्हणजे... चालू द्या." आणि गेले.

सोळाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मला मात्र दुसऱ्याच गोष्टीचा राग आला होता.

"इतकी वर्षं मी तुला अहो-जाहो केलं! पंख्याखालची खुर्ची दिली! आणि ते गार पाणी? तुला कुठल्या वाफा?"

"आईला विचारून सांगायचे. आला ना गुण?"

"गुणाचं सोड. आजपासून मी ताई. चल ए पोरी, माझी बाटली भरून आण."

ती थांबली. कोट तसाच हातात. मला वाटलं, जास्त बोललो की काय आपण. सोळाव्या वर्षापासून आईखेरीज हिला पोरी म्हणायला कुणाची जीभ वळली असेल? तेव्हापासून ही आधी कुणाची तरी आई आणि मग सगळ्यांची ताई.

मग तिने कोट इस्त्रीवर पसरला, ओठ काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तूच भर की. मला काय सांगतेस?"

अस्सा उद्धटपणा. माझ्या घरी सोळा वर्षांचं एक आहे, तेही हुबेहूब असंच बोलतं.

मी मुकाट्याने बाटली भरली. दोघींची. वयाने मोठ्या माणसाने जरा समजून घ्यावं लागतं.