वादळ वळवणारा शंख

किनाऱ्यावर सगळं गाव गुडघे टेकून बसलं होतं. कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या, गावचा मांत्रिक पापा दोर्विलने शंख फुंकला, क्षितिजावरच्या काळोखाला दरडावलं, "चल, पश्चिमेला हो!" आणि वादळ खरंच पश्चिमेला गेलं. हैतीच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या त्या गावात एकाच मोसमात हे दुसऱ्यांदा घडलं. लोकांनी पापाच्या अंगणात शेळ्या आणून बांधल्या.

वादळाबरोबर पाऊसही गेला. ज्वारी करपली, विहिरींत चिखल उरला. तेव्हा पापा म्हणाला, पुढच्या खेपेला वारा समुद्रातच अडवीन, पाऊस तेवढा गावावर सोडीन. जणू वादळ म्हणजे मासळी, काटा काढून वाढायची! तहानलेल्या गावाने तेही खरं मानलं.

तिसरं वादळ निघाल्याची कुणकुण लागली, तशी शाळेतली शिक्षिका ओझेलीन पापाकडे गेली. म्हाताऱ्यांना आणि पोरांना टेकडीवरच्या चर्चमध्ये हलवू द्या, एवढंच तिला मागायचं होतं. खोपटातून स्पॅनिश आवाज येत होता. तिचं बालपण सरहद्दीपलीकडच्या उसाच्या मळ्यांत गेलेलं, त्यामुळे शब्द न् शब्द कळला. शेजारच्या देशाचा रेडिओ वादळाची वाट सांगत होता. तिला उमगलं, वादळ वळल्याची बातमी आली की पापा शंख घेऊन निघत असे. आज मात्र रेडिओ सांगत होता, वादळ सरळ दक्षिण किनाऱ्यावर येतंय. आणि मागच्या दारी पापा खेचरावर बोचकी लादत होता.

तिने रेडिओ उचलला, किनाऱ्यावर नेला आणि बातमी सर्वांना आपल्या भाषेत सांगितली. मागोमाग आलेला पापा म्हणाला, मी टेकडीवर प्रार्थनेला चाललो, तुम्ही श्रद्धा सोडू नका. निम्मे लोक पोरंबाळं घेऊन ओझेलीनमागे निघाले. तिचा थोरला भाऊ फ्रेनेल पावसासाठी अंगणात पिंपं मांडत राहिला.

"दोनदा वळवलंय त्यानं, ओझे."

"दोनदा ते आपसूक वळलं, दादा. यानं फक्त आपल्याआधी ऐकलं. चल ना."

"पाणी येतंय दारात, अन् तू पळायला सांगतेस?"

तो हलला नाही.

लाटेने खालची आळी पुसून नेली. फ्रेनेल खाजणातल्या झाडांत अडकलेला सापडला. दफनाच्या वेळी कुणी कुजबुजलं, हिनेच श्रद्धा मोडली, म्हणून कोप झाला.

ओझेलीनने मुठीतली माती खाली सोडली आणि वळून म्हणाली, "वारा कुणाचं ऐकत नाही. माझं नाही, पापाचंही नाही. पण तो कुठे निघालाय हे बघणारी माणसं आहेत. त्यांचं ऐका, आणि वेळेवर निघा."