फोडशीचा वाफा

सुपडूने ठिबकची नळी उचलली आणि तो तसाच उभा राहिला. विहिरीजवळच्या जांभळाखालचा फोडशीचा वाफा कोणीतरी खणून नेला होता. रानडुकराचं काम नव्हतं. कडेचे दगड नीट एका बाजूला रचून ठेवले होते.

सतरा वर्षांपूर्वी त्याच्या बायकोने, कुंदाने, माहेरच्या डोंगरातून ही रानभाजी आणली. केळीच्या बागेची ओल आणि जांभळाची सावली तिला मानवली. पावसाळ्यात पानं वर आली की कुंदा ती खुडून मुगाच्या डाळीत टाकायची. पांढरी फुलं दिसली की खुडणं बंद. यंदा माघात कुंदा गेली. तेव्हापासून सुपडू वाफ्याला रोज पाणी देत होता. वर एक पान नव्हतं, तरी देत होता.

शेजारच्या बागेत धाकटा भाऊ जीवराम केळीची वाळकी पानं कापत होता.

“वाफा कोनं खोदला रे?”

“म्या.” जीवरामचा विळा थांबला नाही. “मुळ्या घरी आहेत. कोरड्या मातीत.”

“औषधाची सफेद मुसळी म्हनून इकल्या त नाही?”

“मी का चोर आहे, भाऊ? उन्हायात त्या झोपेल असतात. पानी देलं का सडतात. तू पडला केळीवाला, तुले वाटते सगळ्याले पानीच पायजे!”

“मंग मले सांगाचं व्हतं.”

“वहिनीच म्हने, तुह्या भाऊले सांगू नको, तो आयकनार नाही. मी गेल्यावर तूच काढजो.”

सुपडूने नळी खाली ठेवली.

“कधी म्हने?”

जीवराम आता थांबला. विळ्याला चिकटलेला केळीचा चीक त्याने अंगठ्याने पुसला.

“दिवाळीत.”

दिवाळीत कुंदा शेव पाडत होती. पोटात दुखतं, पित्त झालं, म्हणाली. सुपडूने तिला लिंबाचं सरबत करून दिलं होतं. डॉक्टरांनी त्याच्यासमोर आजाराचं नाव घेतलं ते पौषात. तेव्हा ती खाली मान घालून, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकत होती. जीवरामही तिथेच बाकावर बसला होता.

“पानी पडलं का मुळ्या आनून देतो,” जीवराम म्हणाला. “तूच लाव.”

“बरं,” सुपडू म्हणाला.

तो घरी आला, हातपाय धुतले, भाकरी खाल्ली. दिवाळीत कुंदाला दवाखान्यात कोणी नेलं होतं, ते विचारायचं राहिलं.