रेंज आल्यावर

अपिसाईनं पायरीवर पाय पुसले, उनाइसीसमोर चटईवर मांडी घातली आणि सदऱ्याच्या खिशातून फोन काढून, मेलेला मासा ठेवावा तसा तिच्यापुढे ठेवला.

"गप्प झालाय," तो म्हणाला. "सकाळपासून चकार शब्द नाही."

उनाइसी चटई विणायला केवड्याच्या वाळलेल्या पाती नखानं चिरत बसली होती. हातातली पात तिनं शेवटापर्यंत चिरली, बाजूला ठेवली, मग फोन उचलून कडेचं बटण दाबलं. फोन खणखणीत वाजला.

"आवाज बंद केला होतास."

"मी कशाला करेन?"

"मग माशांनी केला असेल."

"आमचे मासे करतीलही," अपिसाई म्हणाला. "हुशार आहेत. मामाकडच्या माणसांसारखे नाहीत."

दूरच्या नात्यानं तो तिचा आतेभाऊ लागे, आणि आतेभावानं मामेबहिणीची टर उडवायची, तिनं ती दामदुपटीनं परत करायची, हा त्या गावात दोघांचा जन्मापासूनचा हक्क होता. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, तिचा नवरा जाऊन त्याहून थोडी कमी. ती दोघं एकमेकांना बोलू लागली की लोक हसत आणि आपापल्या कामाला लागत. त्यात दुसरं काही असेल असं कुणाच्या मनातही येत नसे.

उनाइसीनं फोन परत दिला. अपिसाईनं तो खिशात ठेवला, पण उठला मात्र नाही. चुलीवर कसाव्याचा कंद शिजत होता. त्याचा वास छान सुटलाय, असं तो समुद्राकडे बघत म्हणाला. कसाव्याला वास कधीपासून येऊ लागला, असं तिनं विचारलं, आणि ताटली घ्यायला आत गेली.

मागच्या वर्षापर्यंत कंदावू बेटाच्या या टोकाला रेंज नव्हती. होती ती फक्त गावामागच्या टेकडीवर, तिथेही एका पेरूच्या झाडाच्या एकाच फांदीखाली. फोन हातात धरला की रेंज जाई. म्हणून कुणीतरी फांदीला प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवली होती. फोन पिशवीत टाकायचा, स्पीकर लावायचा आणि झाडाखाली उभं राहून वर तोंड करून ओरडायचं. नंबर यायची वाट बघणारे बाकीचे गवतावर बसून ऐकायचे. न ऐकायची सोयच नव्हती. शेजारच्या तोरिकाच्या सुनेला दिवस गेल्याची बातमी पिशवीतून खाली पडली तेव्हा अख्खी टेकडी टाळ्या वाजवत उठली होती. अपिसाईचा मुलगा सेरू लाउतोका शहरातून बापाशी हुज्जत घालू लागला की गवतावरचेच लोक त्याला परस्पर उत्तर द्यायचे, आणि अपिसाई शांतपणे विडी ओढत उभा राहायचा. उनाइसीची लेक लोसालिनी ब्रिस्बेनला म्हाताऱ्यांच्या एका आश्रमात कामाला होती. तिथल्या कुठल्या आजोबांनी जेवण टाकलं आणि कुठल्या आजींनी नर्सला चावा घेतला, हे सगळ्या गावाला पाठ असे.

उतरताना वाट निसरडी. उनाइसीचा गुडघा दुखरा. अपिसाई तिच्या पुढे उतरे, मागे न बघता, आणि अवघड जागा आली की नुसता हात मागे करून थांबे. ती तो धरी. सपाट वाट लागली की सोडून देई. त्याबद्दल दोघं कधी काही बोलली नाहीत. बोलायला बाकी पुष्कळ असे.

मग शाळेमागे टॉवर उभा राहिला. त्या दिवशी गावानं डुक्कर भाजलं, पाद्रीबाबांनी टॉवरला आशीर्वाद दिला आणि चर्चच्या गायकवृंदानं त्याच्यासमोर उभं राहून तीन आवाजांत गाणं म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून टेकडीवर कुणी गेलं नाही. कशाला जाईल? अंथरुणात पडल्या पडल्या सुवा लागे, सिडनी लागे. चारचौघींत बसून चटया विणणाऱ्या बायका आता आपापल्या घरी मालिका बघत विणत, आणि वीण चुकली की मालिकेतल्या सासूला शिव्या देत. तोरिकाची मान आखडली. दवाखान्यातल्या नर्सनं तिला फोन डोळ्यांसमोर धरून बघायला सांगितलं, तेव्हापासून तिचा दंड आखडला. ज्यानं त्यानं सगळ्यांच्या लग्नांचे व्हिडिओ जपून ठेवलेले, त्यामुळे फोन 'जागा नाही' म्हणून अडून बसत, आणि कुणाचं लग्न पुसायचं यावरून घराघरांत वाद होत.

उनाइसीला टॉवर मनापासून आवडला होता. लेकीचा चेहरा दिसे, तिचं स्वयंपाकघर दिसे, नातवाचा नवा दात दिसे. लोसालिनीनं तिला फोनची खडान् खडा माहिती शिकवली होती आणि तीही चटकन शिकली होती. फक्त इतकंच, की लेकीशी बोलून झालं की संध्याकाळ बरीच उरे. टेकडीच्या दिवसांत चढण्यात आणि उतरण्यातच ती संपून जायची.

अशाच एका उरलेल्या संध्याकाळी अपिसाई पहिल्यांदा फोन घेऊन आला. त्याचा पडदा काळाकुट्ट झाला होता. तिनं उजेड वाढवून दिला. मग एकदा कुणाचाच फोन लागेना, कारण विमानाचं चित्र दाबलं गेलं होतं. विमानात बसल्यासारखा तुझा फोन स्वतःला जगापासून तोडून बसलाय, असं तिनं सांगितल्यावर, आपल्याआधी आपला फोन विमानात बसला, हे त्यानं कौतुकानं चार जणांना सांगितलं. मग अक्षरं मुंगीएवढी झाली. मग ओंडक्याएवढी झाली. दर वेळी ती दुरुस्त करी, तो मान हलवी, आणि मग काहीतरी खाऊन, सेरूची खबरबात सांगून, वारा पडला की नाही ते बघून घरी जाई.

एके दिवशी फोननं भाषाच बदलली. कुठल्याशा मुलखाची भाषा होती ती, अक्षरांवर टिंबं, अक्षरांना शेपट्या. उनाइसीला त्यातलं काही म्हणता काही वाचता येईना. तिनं फोन ठेवून घेतला आणि तो गेल्यावर ब्रिस्बेनला विचारलं. लोसालिनीनं चित्रांच्या खुणेनं तिला एकेक पायरी सांगितली आणि भाषा परत आली.

"कुणाचा आहे गं हा फोन?" लोसालिनीनं विचारलं.

"गावातल्याच एकाचा."

"ही भाषा आपोआप नाही बदलत, आई. आता तूच बघितलंस ना, किती आत जावं लागतं ते? वर तो शेवटी विचारतो, नक्की बदलायची का म्हणून. कुणीतरी नीट बसून केल्याशिवाय होत नाही हे."

 नातवाला झोप आली असेल, असं म्हणून उनाइसीनं फोन ठेवला.

मग ती तशीच बसून राहिली. तिच्या डोळ्यांसमोर अपिसाई आला. होडीच्या सावलीत बसलेला, नाकावर चष्मा, जाळी ओढून ओढून जाड झालेल्या बोटांनी त्या एवढ्याशा पडद्यावर एकेक दार उघडत आत आत जाणारा. नक्की बदलायची का, असं फोन विचारतो आहे आणि हा आजूबाजूला कुणी नाही ना बघून हो म्हणतो आहे. तिला हसू फुटलं. तोंडावर कमरेला गुंडाळलेल्या सुलूचा पदर दाबला तरी ते थांबेना. शेजारून तोरिकानं काय झालं म्हणून हाक मारली. मालिका बघतेय, असं उनाइसीनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो फोन न्यायला आला तेव्हा ती त्याला काही बोलली नाही. अजून पुरता बरा झालेला नाही, बस जरा, एवढंच म्हणाली. आणि चुलीवर आधी अळूची पानं नारळाच्या दुधात शिजत टाकली, मग फोन हातात घेतला. त्या दिवशी दुरुस्तीला फार वेळ लागला.

आणि मग अपिसाई यायचा थांबला.

पहिल्या संध्याकाळी तिनं फारसं मनावर घेतलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी कसावा उरला. त्यानंतर तिनं कमी शिजवला, आणि कमी शिजवल्याचाच तिला राग आला. शेवटी तोरिकाकडून कळलं, की जाळं ओढताना अपिसाईचा फोन समुद्रात पडला. त्यानं बुडी मारून काढला, पण फोन गेला तो गेलाच. आता तो तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलाय आणि अपिसाई कुणी विचारलं तर नीट बोलतही नाही.

"एका फोनसाठी माणसानं इतकं मनाला लावून घ्यावं का?" तोरिका म्हणाली.

 संध्याकाळी उनाइसीनं केस विंचरले, चर्चला घालायचा निळा झगा काढला, परत ठेवला, रोजचाच घातला. फोन घेतला. गावाच्या मधल्या मैदानातून न जाता किनाऱ्याच्या बाजूनं निघाली. निरफणसांनी लगडलेल्या झाडापाशी आल्यावर मागे वळली, पाच-सहा पावलं परत आली, तिथे थांबून झग्याला नसलेली धूळ झटकली, आणि पुन्हा पुढे गेली.

अपिसाई नुसत्या बनियनवर, चटईवर बसून तांदळात हात घालून फोन चाचपत होता. तिला दारात बघून त्यानं हात बाहेर काढला. कोपरापर्यंत तांदूळ चिकटलेले.

"बरा आहे का?" तिनं विचारलं.

"जीव नाही त्यात."

"आणि तुझ्यात?"

तो डब्याचं झाकण लावू लागला. झाकण नीट बसेना.

"यायचं होतं," तो म्हणाला. "पण फोन नाही, तर काय घेऊन येणार?"

"पाय तर समुद्रात पडले नव्हते ना?"

 मामाकडच्या माणसांवरून काही बोलावं म्हणून त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. उनाइसी आत येऊन चटईवर बसली, गुडघा सांभाळत. तिनं स्वतःचा फोन त्याच्यापुढे ठेवला.

"माझा बिघडलाय," ती म्हणाली. "बघ जरा."

अपिसाईनं हात बनियनला पुसले, चष्मा लावला. फोन उलटा केला, सुलटा केला, कानाला लावला. मग तिच्याकडे बघितलं. ती दाराबाहेर होड्यांकडे बघत होती.

"काय झालंय त्याला?"

"तेच तर कळत नाही."

"अवघड आहे," तो सावकाश म्हणाला. "वेळ लागेल."

"लागू दे."

आणि नेमका तेव्हाच फोन वाजला, अगदी ठणठणीत, पडद्यावर लोसालिनीचा हसरा चेहरा घेऊन. अपिसाईच्या हातून तो सुटता सुटता राहिला. त्यानं तो पुढे केला तशी उनाइसीनं घेतला आणि उठायला म्हणून एक हात जमिनीवर टेकला. बाहेर जाऊन बोलता आलं असतं. घरी गेल्यावर करते म्हणून बंदही करता आला असता. तिनं टेकलेला हात उचलला आणि तिथेच नीट बसून हिरवं बटण दाबलं.

लोसालिनी कामावरून नुकतीच आली होती. गणवेशही बदललेला नव्हता. आज कुठल्या आजोबांनी काय केलं ते सांगायला तिनं सुरुवात केली आणि मध्येच थांबली.

"आई, कुठे आहेस तू? ही भिंत कुणाची? ती जाळी कसली टांगलीय मागे?"

अपिसाई भिंतीला लागून, फोनला दिसणार नाही अशा बेतानं, हळूहळू सरकत होता.

"थांब," उनाइसी म्हणाली. "दाखवते."

तिनं फोन वळवला.

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. रेंज गेली की काय, असं अपिसाईला वाटलं. तो हात मांडीखाली लपवून, गावच्या फोटोत बसतात तसा ताठ बसला होता, आणि त्याच्या कोपराला चिकटलेला तांदळाचा एक दाणा खाली पडला. पलीकडून कुठूनसं खुदकन ऐकू आलं, ते बहुधा नातवाचं असावं. मग लोसालिनीनं घसा साफ केला.

"अपिसाई काका," ती म्हणाली, "उद्यापासून सदरा घालून बसत जा."

अपिसाईनं मान डोलावली आणि उद्याची वाट न बघता सदरा शोधायला उठला. उनाइसीनं फोन डब्याला टेकवून उभा केला, लेकीला त्या आजोबांचं पुढे काय झालं ते सांगत राहायला सांगितलं, आणि त्याच्या चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचलून आत काय आहे ते बघू लागली.