जमुनेला मी जे बोललो

जमुनेला मी भर गल्लीत काय बोललो, हे आमच्या गावात कोणीही तुम्हाला सांगेल. तिखटमीठ लावून सांगेल. म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावं.

गाव अकोटापासून अर्ध्या तासावर. विहिरीचं पाणी इतकं खारं की गुळणीही करवत नाही, जमीन मात्र काळीभोर. घरात आम्ही चौघं. मी गोवर्धन, मुलगा शेखर, तो अकोटात कापसाच्या जिनिंगवर कामाला, सून रागिणी, तिवश्याकडची, आणि त्यांची पोरगी आचल, तेव्हा पावणेदोन वर्षांची. भिंतीला भिंत लागून श्रावण आणि जमुनेचं घर. नदीकाठी त्यांची भाजीची वाडी आहे. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण त्यांच्या घरी पाळणा हलला नाही. सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कोणी तोंडावर बोलत नसे.

आचलला फल्ली चालत नाही. आमच्याकडं भुईमुगाच्या शेंगेला फल्ली म्हणतात. दहा महिन्यांची होती तेव्हा बोटभर चटणी चाटली आणि ओठ टम्म सुजले. अमरावतीच्या डॉक्टरनं बजावलं, दाणाच काय, दाण्याचा कूटही घरात नको. रागिणीनं घरी येताच डबे रिकामे केले. मला तो सगळा शहरी नखरा वाटला.

"आमच्या वेळी असं काई नवतं," मी म्हणालो. "माती खाऊन लेकरं मोठी झाली."

"झाली ते झाली मामाजी. जे नाई झाले ते कोनं मोजले?"

सुनेनं असं तोंडावर बोलावं! मी दोन दिवस फुगून बसलो. आणि जमुनेनं काय केलं? कोणी सांगितलं नव्हतं, तरी आपल्याही घरातली फल्ली बंद केली. एकादशीला साबुदाण्याच्या उसळीत कूट नाही. आचलची वाटी-चमचा वेगळ्या फळीवर. रागिणी वावरात गेली की पोरगी दिवसभर तिच्याकडं. आचलला 'जमुना' म्हणता येत नव्हतं, ती 'जमा' म्हणायची, आणि जमुना वाडीतूनसुद्धा तिला ओ द्यायची.

मी घरात फल्ली सोडली, हे खरं. पण वावरात कोण बघतं? धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, कापसाच्या चार वाळक्या पऱ्हाट्या पेटवायच्या, मूठभर फल्ली भाजायची, खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या टोकाला गाठ मारून ठेवायची आणि दिवसभर एकेक तोंडात टाकायची. चाळीस वर्षांची सवय. गाव दिसायला लागलं की गाठ सोडून दुपट्टा झटकायचा. सुनेला कसं फसवलं म्हणून वर मनातल्या मनात हसायचं.

त्या दिवशी कापसाची तिसरी वेचणी होती. पौषातला बोचरा वारा. रागिणी बायांसोबत मागं राहिली होती, मी दिवस मावळायच्या आत परतलो. जमुनेच्या ओसरीवरून आचलला उचललं. नाक वाहत होतं. दुपट्ट्यानं नाक पुसलं, तोंड पुसलं. घरी ओट्यावर तिला मांडीत घेऊन बसलो, तर तिनं दुपट्ट्याचं टोक धरलं आणि चोखत बसली. मला कौतुक वाटलं. दात शिवशिवत असतील म्हटलं.

पंधरा मिनिटं झाली नसतील. अंगावर गांध्या उठल्या, ओठ सुजले, ती खोकायला लागली, आणि खोकता खोकता आवाजच बसला. तेवढ्यात रागिणी आली. तिनं कापसाची झोळी दारातच टाकली.

"मामाजी, काय खाल्लं हिनं?"

"माह्याकडं काईच नाई! जमुनाकडून आणली आता."

श्रावण आवाज ऐकून धावत आला आणि भाजीची तीनचाकी काढायला लागला. जमुना मागोमाग. तिचा चेहरा पांढरा पडला होता. आणि मी गल्लीच्या मधोमध उभा राहून ओरडलो,

"काय चारलं व तिले? बोल ना! काय चारलं?"

"मुगाची खिचडी देली काकाजी. तिच्याच वाटीत. देवाशपथ."

"खोटं नोको बोलू! फल्ली देली असन कुठली तरी. स्वतःच्या पोटचं असतं त समजलं असतं तुले!"

गल्लीतल्या बाया दारात उभ्या होत्या. श्रावणनं मान वर केली, माझ्याकडं एकदा पाहिलं आणि गाडी सुरू केली. "बसा काकाजी," एवढंच म्हणाला. ज्याच्या बायकोला मी असं बोललो, त्यानंच अकोटापर्यंत खड्डे चुकवत माझी नात नेली.

दवाखान्यात गेल्या गेल्या इंजेक्शन दिलं, नाकाला नळी लावली. शेखर जिनिंगवरून तसाच आला होता, केसात कापूस. तासाभरानं आचलचा श्वास मोकळा झाला. ती रडली तेव्हा आम्हाला जिवात जीव आला.

डॉक्टर बाई म्हणाल्या, "फल्ली पोटात गेल्याशिवाय असं होत नाही. नीट आठवा."

माझे डोळे भरून आले होते. पुसायला मी दुपट्ट्याचं टोक वर घेतलं. गाठ अर्धवट सुटलेली होती, त्या दिवशी थंडीत झटकायचं राहून गेलं होतं. तीन-चार लाल फोलपटं पांढऱ्या चादरीवर पडली.

डॉक्टर बाईंनी पाहिलं. शेखरनं पाहिलं. रागिणीनं पाहिलं, आणि आचलला माझ्यापासून पलीकडं सरकवलं. आयुष्यात मला कोणी तसं लांब केलं नव्हतं.

तेवढ्यात दारात जमुना आली. कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून आली होती. हातात खिचडीचं पातेलं, फडक्यात बांधलेलं.

"डॉक्टरीन बाई, हे तपासून पाहा," ती म्हणाली. "मीठ, हळद, मूग, तांदूळ. दुसरं काई असन त मले पोलिसात द्या."

मी तिथंच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण मी दुपट्टा गोळा करून मांडीखाली दडपला. रागिणीनंच तिला बाहेर नेऊन सांगितलं. मी आत बाकावर, पातेल्याकडं पाहत बसलो.

आम्ही घरी आलो. जमुनेला कळलं होतं, पण गल्लीला कळलं नव्हतं. बाया आपसात बोलत होत्या की जमुनेच्या हातून पोरगी जाता जाता वाचली. एकीनं तर हळदीकुंकवाला सगळ्यांना बोलावलं आणि जमुनेचं दार सोडून दिलं. मला हे सगळं ऐकू येत होतं, आणि मी ऐकून घेत होतो. आचल भिंतीशी उभी राहून "जमा, जमा" करायची. पलीकडून ओ येत नव्हती.

तिसऱ्या दिवशी रागिणीनं चहाचा कप माझ्यापुढं ठेवला.

"उद्या नळ हाये मामाजी. सारी गल्ली राहीन. तुमी सांगता का मी सांगू?"

आमच्याकडं नळ पाच दिवसांनी येतो. त्या सकाळी गुंडांची, म्हणजे हंड्यांची, ड्रम-बादल्यांची रांग लागते, घरटी एक माणूस तरी उभा असतोच. मी गेलो. जमुना रांगेच्या शेवटी, एकटी उभी होती.

"आयका," मी म्हणालो. "पोट्टीले फल्ली माह्या दुपट्ट्यातून गेली. मीच वावरात लपून खात होतो. जमुनानं काई नाई केलं. मी तिच्यावर खोटा आळ घेतला."

सगळ्या बाया माझ्याकडं पाहायला लागल्या. एकीचा गुंड भरून वाहत होता, तिला भान नव्हतं. मला वाटलं, आता सुटलो. मनावरचा धोंडा उतरला, असंही वाटलं क्षणभर.

जमुना पुढं आली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"फल्ली त चुकून गेली काकाजी. ते मले समजलं. पण ते जे बोलले तुमी, ते बी चुकूनच बोलले का?"

ते चुकून नव्हतं. चौदा वर्षं ते माझ्या मनात कुठंतरी होतंच. पोरगी तिच्या मांडीवर झोपलेली पाहतानाही होतं. त्या दिवशी फक्त तोंडाबाहेर आलं.

रागिणी आचलला कडेवर घेऊन मागं उभी होती. आचलनं हात पुढं केले. जमुनेनं क्षणभर विचार केला, मग तिला घेतलं, गालाला गाल लावला आणि सरळ आपल्या घराकडं निघाली. तिचे गुंड रांगेतच राहिले. मी ते भरले, खांद्यावर घेतले आणि तिच्या दाराशी गेलो. आजवर मी त्या घरात न विचारता शिरत होतो, चुलीजवळ बसून चहा घेत होतो.

"भाईरच ठेवा," आतून आवाज आला.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. आचल दिवसभर त्याच घरात असते, तिथंच जेवते, तिथंच झोपते. नळाच्या दिवशी मी जमुनेचे गुंड भरतो आणि उंबऱ्याबाहेर ठेवतो. ती नको म्हणत नाही. आत या, असंही म्हणत नाही.