उलटा होरो

मी आधीच सांगते, मला राग लवकर येतो. त्यात यतीनसारख्या कालच्या पोराने "काकू, रूल इज रूल" म्हटलं की संपलंच.

यतीन अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावच्या मल्टिकल्चरल फेस्टिव्हलच्या कमिटीवर आहे. त्याने फोन केला तो माझ्या शेजारणीबद्दल. रादका मूळची बल्गेरियाची. ती आणि तिचा नवरा स्टोयान दर वर्षी स्टेजवर होरो करायचे. होरो म्हणजे हातात हात धरून रांगेने नाचायचा त्यांचा नाच. गेल्या वर्षी स्टोयान गेला. सोबतची दोन-तीन कुटुंबं नोकरीपायी दुसऱ्या राज्यांत पांगली. उरली एकटी रादका, आणि तीही काळे कपडे घालून, नाचायचं नाही म्हणून बसलेली.

"ग्रुप नसेल तर बल्गेरियाचा स्लॉट कॅन्सल करावा लागेल. तुम्हीच त्यांना सांगा ना, काकू."

"मी सांगू? तुझ्या घरात दही कोणाच्या विरजणाचं लागतं रे?"

कॅरीतल्या निम्म्या मराठी घरांत रादकाच्या विरजणाचं दही लागतं. इथल्या थंडीत आमची दह्याची पातेली नुसती पाणी सोडून बसायची, तेव्हा ही बाई वाट्या भरभरून दारोदार देत फिरली होती. आणि तिलाच जाऊन सांगू, की बाई, तुझा देश यंदा यादीत नाही?

"ग्रुप मी आणते," म्हटलं आणि फोन ठेवला. मोबाइल आपटता येत नाही, हे एक दुःखच आहे.

आमचा मंगळागौरीचा ग्रुप होताच. फुगड्या घालणाऱ्या बायकांना एक नाच काय जड आहे? नागपूरची देवयानी तेवढी म्हणाली, "काय बाप्पा शरयू, आपल्याला जमते का हे?" मी म्हटलं, न जमायला काय झालं, पायच तर हलवायचेत!

पायच तर हलवायचेत, हे मी किती मूर्खासारखं बोलले, ते रादकाच्या गराजमध्ये कळलं. तीन पावलं पुढे, एक मागे, एवढंच ते. पण माझा पाय नेमका दुसऱ्याच्या पायावर. शेवटी तिने मला रांगेच्या शेपटाला लावलं आणि देवयानीला डोक्याशी. "काही झालं तरी हात सोडायचा नाही," एवढंच ती पुन्हा पुन्हा बजावायची. मध्येच लेक्चर. सिरिलिक लिपी रशियाची म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. "आमची आहे! आमच्याकडून गेली त्यांच्याकडे!" श्रीखंड आपलं की गुजरात्यांचं यावरून भांडणाऱ्या आम्ही, आम्हाला ते लगेच पटलं.

पण स्वतः मात्र ती कोणाचा हात धरेना. लांब उभी राहून टाळ्या वाजवायची, एकटीच पाय टाकून दाखवायची. एकदा मला राहवलं नाही.

"वर्ष झालं ना गं आता? ये की रांगेत."

"झालं," ती म्हणाली. "पण ते आपलं आपण संपवायचं नसतं, शरयू."

मला वाटलं, हट्टी आहे. हट्टी माणसाला हट्टी माणूस लगेच ओळखतं. मी विषय सोडला, पण मनातून फार वाईट वाटलं. नाचताना ती आणि स्टोयान कसे दिसायचे, ते मी पाहिलं होतं.

फेस्टिव्हलचा दिवस उजाडला. पार्कात ही गर्दी! रादकाने पहाटे उठून पिठाच्या वेण्या घातलेला मोठा गोल पाव भाजला होता. स्टेजच्या मधोमध टेबल, त्यावर भरतकाम केलेलं कापड, त्यावर तो पाव, मीठ आणि गुलाबांची परडी. आम्ही त्याच्याभोवती हात धरून उभ्या. रादका माइकपाशी, काळा रुमाल डोक्याला बांधून. तिने बल्गेरियाचं नाव घेतलं, पिपाणीसारखं त्यांचं वाद्य स्पीकरवर घुमू लागलं, आणि आम्ही निघालो.

उलट्या!

आता काय सांगू? गराजमध्ये फ्रीजरकडून दाराकडे सरळ रांगेत सराव केलेला. इथे गोल, मधोमध मांडलेला चौरंगच म्हणा ना, वर फुलं. मराठी बाईचे पाय कुठे वळणार? फुलं उजव्या हाताला ठेवून आम्ही सगळ्या जणी प्रदक्षिणेला निघालो. म्हणजे डावीकडे; जायचं होतं त्याच्या बरोब्बर विरुद्ध. आणि उलटं फिरल्यावर शेपूट झालं डोकं. सगळ्यांच्या पुढे कोण? मी!

मला हे कळलं तेव्हा अर्धा फेरा झाला होता. रादकाने तोंडावर हात दाबून धरला होता, चेहरा पांढराफटक. धरणीमाते, पोटात घे, असं झालं मला. स्वतःचाच इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. तिची एवढी वर्षांची इज्जत, आणि मी ती मातीत घातली. हात सोडायचा नाही, म्हणून हातात हात तसाच ठेवून थांबले. यतीनने घाईघाईने म्युझिक बंद केलं.

"सॉरी गं," मी म्हटलं. "आम्ही उलट फिरलो. चुकलंच."

रादका माइकवर बोलू लागली.

"आमच्या गावात होरो उजवीकडे जातो. डावीकडे नाचतात ते फक्त गेलेल्या माणसासाठी. ज्या घरात माणूस गेलं, ते घर नाचत नाही. वर्ष सरल्यावर शेजारी येतात, त्या घरातल्या माणसाचा हात धरतात आणि एक फेरा उलटा नाचतात. मग दुःख उतरतं. पण त्यांना बोलवायचं नसतं. त्यांनी आपणहून यायचं असतं. मला वाटलं, इथे अमेरिकेत माझ्याकडे कोण येणार?"

देवयानी हुंदके देत होती. मी मात्र रडले नाही. मी सरळ हात पुढे केला.

"आम्ही आलोय ना! चल."

रादकाने डोक्यावरचा काळा रुमाल सोडला, टेबलावर ठेवला आणि माझा हात धरला. इतका घट्ट की बांगडी रुतली. यतीनने कोणी न सांगता म्युझिक लावलं. आम्ही स्टोयानसाठी एक फेरा उलटा नाचलो. पुढे मी, मागे ती. माझा पाय चुकला का? चुकला असेल. कोणाला पर्वा होती!

फेरा पुरा झाला तसा रादकाने माझा हात सोडला, धावत दुसऱ्या टोकाला गेली, देवयानीच्या पुढे उभी राहिली आणि अशी आरोळी ठोकली की पहिल्या रांगेतली पोरं दचकली. मग उजवीकडे! स्टेजच्या पायऱ्या उतरून ती थेट हिरवळीवर घुसली, मागोमाग आम्ही. मेक्सिकोचा ग्रुप शिरला, कोरियाच्या आज्या शिरल्या, बंदोबस्ताचे पोलीस काकासुद्धा शिरले. यतीन घड्याळ दाखवत धावत आला, "काकू, टाइम संपला, नेक्स्ट ग्रुप थांबलाय!"

"त्यांनाही घे की आत!" मी ओरडले आणि त्याचं मनगट धरून त्याला रांगेत ओढलं.

रांग पार कारंज्याला वळसा घालून गेली. सगळ्यांच्या पुढे रादका, हातात टेबलावरचा गुलाब फिरवत, गाल लालबुंद. वळणावर तिने मान वळवून मला पाहिलं आणि सगळ्या पार्काला ऐकू जाईल अशी ओरडली,

"शरयू! पाय उचल! म्हशीसारखी काय चालतेस!"

मला, जिला आजवर कोणी दटावायची हिंमत केली नाही, मला ती चारचौघांत ओरडली. आणि मी आनंदाने पाय उचलला.