शुक्रवारचं कालवण
आखातातल्या अबू हलीफा गावी एका खोलीत आम्ही तिघे रत्नागिरीकडचे: मी यूसुफ, वयाने मोठे अहमदचाचा आणि झहूर. स्वयंपाकाच्या पाळ्या ठरलेल्या. शुक्रवार झहूरचा. त्याच्या कालवणाला आम्ही मनसोक्त नावं ठेवायचो, तो आमच्या खानदानाचा उद्धार करायचा आणि टोप चाटूनपुसून साफ व्हायचा.

बासष्ट साली धक्क्यावर बोटीचा माल उतरवताना त्याच्या कमरेवर पेटी आदळली. इस्पितळात दुखण्यावर मॉर्फिनची सुई मिळाली. खोलीवर आला तेव्हा आम्ही म्हटलं, तू फक्त आराम कर. त्याची पाळी वाटून घेतली. पाण्याचा डबाही उचलू देत नव्हतो, पत्त्यांत मुद्दाम हरत होतो. स्वतःच्या चांगुलपणावर मी तर बेहद्द खूश होतो.

कंबर बरी झाली, सुई सुटली नाही. बाजारातला एक कंपाउंडर चोरून टोचायचा. दंडावरचे डाग दिसले आणि माझं डोकंच फिरलं. साहेबाला कळलं तर पहिल्या बोटीने घरी. चाचांनी ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी महिनाभर ठेवून सुई सोडवली आणि बजावलं, "आता तुम्ही सांभाळा."

आम्ही दुप्पट सांभाळू लागलो. दूध काय, उशी काय! झहूर भिंतीकडे तोंड करून पडायचा.

एका शुक्रवारी तो सदरा चढवून निघाला. कुठे ते मला कळलं. मी दारात आडवा झालो.

"दुखना कवाच गेला, यूसुफ," तो म्हणाला. "पन मी मेल्यागत तुमी हलू हलू बोलता. मी कुनाच्या उपयोगाचा नाय रवलो. सुई घेतली का त्याचा काय वाटत नाय."

माफी मागायला हवी होती. पण आपला स्वभाव तसा कुठे?

"आज शुक्रवार हाय!" मी ओरडलो. "कालवन काय तुझा बाप करनार?" आणि मासळीची पिशवी त्याच्या हातात कोंबली.

कालवण खारट झालं. चाचा 'छान' म्हणणार, तेवढ्यात मी त्यांना कोपर मारलं.

"समुद्र वोतलास काय रे?" चाचा गरजले.

झहूर पळी आपटून उठला. मग आमच्या खानदानाकडे वळला. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

पुढच्या शुक्रवारी तो एकटाच बाजारात गेला. अडवायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं, पण दोघेही जीव मुठीत धरून दाराशी बसलो. ऊन चढलं तेव्हा तो आला. हातात मासळी.

"बघता काय?" तो खेकसला. "कांदे कापा!"