केकच्या डब्यातलं पिस्तूल

मी पिस्तूल बोलतोय. दचकू नका. माझ्या पोटात गोळी नाही आणि गोळ्या भरायचं मॅगझिनही वेगळं ठेवलेलं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाच्या ठोकळ्यातून माझी स्लाइड, म्हणजे मागेपुढे सरकणारा वरचा भाग, कोरून काढला. नळी घासून गुळगुळीत केली, सगळं एका काळ्या मुठीवर बसवलं आणि शेवटी अंगावर नंबर ठोकला. दुसरं नाव मला कुणी ठेवलं नाही. चण बेताची. कोटाच्या खिशात सहज मावेन एवढाच मी.

तिथून आलो ते अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या एका छोट्या गावात, एल्डनच्या दुकानात. एल्डन शिकारीच्या बंदुका दुरुस्त करायचा, गळ आणि दोऱ्या विकायचा आणि गिऱ्हाईक नसलं की रेडिओवर मक्याचे भाव ऐकत बसायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. काचेच्या कपाटात मी त्याच्या पाठीकडे बघत पडून असायचो.

एके सकाळी ओपलबाई आल्या. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायच्या. नवरा रॉय आदल्या हिवाळ्यात वारला होता, घर गावाबाहेर शेतांच्या कडेला. शेजाऱ्यांकडे भरदिवसा चोरी झाली, तेव्हापासून डेन्व्हरच्या लेकीचा एकच धोशा होता: एक तर जवळ काहीतरी ठेव, नाहीतर माझ्याकडे राहायला ये. ओपलबाईंना डेन्व्हर नको होतं. शेरीफच्या ऑफिसातून परवाना काढून त्या सरळ दुकानात आल्या.

"बाईमाणसाच्या हाताला झेपेल असं काही आहे का?"

एल्डनने मला बाहेर काढलं, रिकामा असल्याची दोनदा खात्री केली आणि त्यांच्यापुढे ठेवलं. "ओढून बघा."

त्यांनी स्लाइड ओढली. मी हललो नाही. पुन्हा ओढली. कानशिलं लाल झाली.

"खेचू नका हो. वरचा भाग डाव्या हातात घट्ट धरा आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकला. तोंड माझ्याकडे नको, त्या भिंतीकडे."

त्यांनी ढकललं आणि मी अलगद सरकलो. त्या हसल्या. त्या हसण्यावर मी विकला गेलो, असं मला अजून वाटतं.

दुकानामागच्या मातीच्या बांधाशी त्यांनी कागदावर नेम धरायचा सराव केला. घरी जाऊन वर्तमानपत्र अंथरलं आणि पुस्तिकेत बघून बघून मला साफ करायला घेतलं. सुटा होताना मी गुणी, पण माझी स्प्रिंग द्वाड. ती टुणकन उडून फ्रिजमागे गेली. सापडली, तर बसेना. बसली, तर नळी बसेना. अखेर त्यांनी माझे सगळे भाग केकच्या डब्यात भरले. लाज वाटली म्हणून दुसऱ्या डब्यात खरा केक घेतला आणि दुकान गाठलं.

"एल्डन, मी याला मारून टाकलं बहुतेक."

त्याने झाकण उघडलं, बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं. "केवढं हे तेल! साफ करायचं होतं की तळायचं होतं?"

"पुस्तिकेत लिहिलंय तेल घाला."

"थेंब, बाई. थेंब."

मग त्याने मला पुसलं. कुठे थेंब घालायचा, कुठे नाही, ते दाखवलं. नळी स्लाइडमध्ये, स्प्रिंग दाबून तिच्याखाली, मग स्लाइड पुढून मुठीवर चढवून मागे, खटका. "आता तुम्ही." तिसऱ्या खेपेला त्यांना जमलं. दोघांनी केक खाल्ला.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा डब्यात. त्याच्या पुढच्या महिन्यातही. आता खरं सांगतो, मला कोडं पडलं होतं. संध्याकाळी टीव्ही बघता बघता ओपलबाई मला न बघता सुटा करायच्या, न बघता जोडायच्या. हात कसे लोण्यासारखे फिरायचे. आणि महिन्यातला तो ठरलेला शनिवार आला की मला मुद्दाम मोडून डब्यात भरायच्या. दुकानात मात्र, "ही स्प्रिंग बाई, मला काही दाद देत नाही."

दुकानात गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की शनिवारी एल्डनचे केस पाणी लावून विंचरलेले असतात आणि काउंटरपाशी दुसरं स्टूल आलेलं आहे. माझी स्प्रिंग बसवायला तो तासभर लावायचा. बोलणं रॉयवरून निघायचं, एल्डनच्या बायकोवर जायचं, शाळेतल्या पोरांच्या जेवणावर यायचं. मी काउंटरवर अर्धवट उघडा पडून ऐकायचो. मला घाई नव्हती.

मग एका शनिवारी दारावर पाटी दिसली: दुकान बंद होत आहे. ओपलबाई डबे घेऊन पाटीसमोर उभ्या राहिल्या. जरा वेळाने आत आल्या.

"गुडघे चालत नाहीत," एल्डन म्हणाला. "मुलगा म्हणतो ॲरिझोनाला ये. इथे माझं आहे तरी कोण?"

"मग याचं काय? हे कोण जोडणार?"

"पलीकडच्या गावात एक जण आहे. चांगला आहे. तरुणही आहे."

ओपलबाईंनी डबा काउंटरवर आपटला. आत मी खडखडलो. त्यांनी झाकण काढलं आणि एल्डनच्या तोंडाकडे बघत, माझ्याकडे एकदाही न बघता, मला जोडायला घेतलं. नळी, स्प्रिंग, स्लाइड, खटका. मग स्लाइड मागे अडकवून, रिकामा असल्याचं दाखवून, भिंतीकडे तोंड करून मला खाली ठेवलं.

"जोडायला मला कुणी लागत नाही."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"दुसऱ्याच महिन्यात कळलं. तेल जिथे हवं तिथे, थेंबभरच. ज्याला एवढं जमतं त्याला स्प्रिंग जमत नाही होय?"

"आणि इतके महिने गप्प बसलात?"

"केक होता ना." मग तो खाली बघत म्हणाला, "तसा कधीकधी फार गोड व्हायचा."

ओपलबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला. "जाऊ नकोस, एल्डन," त्या म्हणाल्या. अहो-जाहो तिथेच संपलं.

तो उठला, गुडघा धरत दारापर्यंत गेला, आणि मला वाटलं पाटी काढणार. त्याने पाटी तशीच ठेवली, दार आतून लावून घेतलं आणि कॉफी टाकली.

दुकान बंद झालंच. गुडघे काही सुधारले नाहीत. पण सामान ॲरिझोनाला गेलं नाही, ओपलबाईंच्या घरी आलं. मुलगा थोडे दिवस फोनवर घुम्यासारखा बोलायचा, मग नाताळला येऊन राहून गेला. दिवाणखान्यात रॉयचा फोटो आहे तिथेच आहे, शेजारी एल्डनच्या बायकोचा लागला.

मी कपाटातल्या लोखंडी पेटीत राहतो. कधीतरी वर्तमानपत्र अंथरलं जातं, मला सुटं केलं जातं आणि तेलावरून भांडण होतं. स्प्रिंग थकली होती, एल्डनने नवी घातली. माझ्या कडा आता जरा पांढुरक्या पडल्यात.

लोक मला बघून बिचकतात. बिचकावंच, माझी तक्रार नाही. आजवर मी कागदाला भोकं पाडण्यापलीकडे काही केलेलं नाही. कारखान्यात ज्या कामासाठी मला घडवलं, ते या घरात मला कुणी सांगितलेलं नाही. कधी सांगावंही लागू नये. गोळ्या झाडून नव्हे, या दोघांच्या हातांनी पुसला जाऊन जाऊन मी झिजावं, एवढंच माझं मागणं आहे.